जुना रेडिओ माळ्यावरून काढलाय? पहिल्या दिवशी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका घरातून निरोप आला. आजोबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, रेडिओ माळ्यावर सापडला होता. नातवाने तो खाली काढला, ओल्या फडक्याने लख्ख पुसला आणि प्लग लावला. "पाच मिनिटं काय सुंदर वाजला हो," आजी सांगत होत्या, "मग जळका वास आला आन् एकदम मुका झाला." मी मागचा पुठ्ठा काढला. स्पीकरला आवाज पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता, त्यातलं मेण वितळून चासीवर, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्यावर, ओघळलं होतं. डायलच्या काचेवरची स्टेशनांची नावं निम्मीअधिक त्या फडक्यावर उतरली होती.

मुलाने हे सगळं आजोबांच्या ओढीनेच केलं होतं. माझ्या टेबलावर येणारे बरेचसे सेट असेच येतात. इतकी वर्षं माळ्यावर काही झालेलं नसतं, पहिल्या अर्ध्या तासात होतं. म्हणून जे वारंवार दिसतं ते इथे लिहून ठेवतोय. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी खेळत असतात. मल्टिमीटर नीट धरता येत नसेल, तर साफसफाईपर्यंतच थांबा आणि पुढचं काम जाणकाराला द्या.

सरळ प्लग लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डीसी पुरवठा सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा एक अगदी पातळ थर असतो आणि तोच विजेला अडवून धरतो. सेट वापरात असला की थर टिकतो, वर्षानुवर्षं पडून राहिला की कमजोर होतो. अशा कंडेन्सरवर एकदम तीनशे व्होल्ट आले की त्यातून करंट वाहायला लागतो, तो तापतो आणि कधी कधी फुटतो. मेणकागदाचे कंडेन्सर तर त्याहून वाईट. सोलापुरात माळा म्हणजे बहुतेक ठिकाणी पत्र्याखालची जागा. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात मेण मऊ होतं, भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्यातून दमट हवा आत शिरते.

आजींच्या सेटचा बळी असल्याच एका कंडेन्सरने घेतला. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे त्याचा करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला, आवाज पोचवणारा छोटा कंडेन्सर असतो. तो गळायला लागला की आवाजाबरोबर पॉझिटिव्ह व्होल्टेजही ग्रिडवर जातं आणि व्हॉल्व्ह मोकाट करंट ओढतो. सेट पाच मिनिटं छान वाजतो, पण तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जळून जाते. तपासायला सोपं आहे. आउटपुटला ईएल ८४ व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या २ नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, चासीच्या तुलनेत शून्य किंवा किंचित निगेटिव्ह व्होल्टेज हवं. एक-दोन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर लगेच बंद करा आणि तो कंडेन्सर बदला. मी तर मेणाचा कंडेन्सर दिसला की तपासतही बसत नाही, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर लावून मोकळा होतो.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा. फेजच्या तारेत होल्डर घालून ६० वॉटचा बल्ब बसवायचा आणि सेट त्याच्या पुढे जोडायचा. बल्ब आधी जोरात लागून हळूहळू मंद झाला तर ठीक. व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारा, म्हणजे फिलामेंटं, थंड असताना सुरुवातीला जास्त करंट ओढतातच. तो तसाच फटफटीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. आता तारेचे बल्ब शोधावे लागतात, म्हणून चार आणून ठेवा. आणि सेट लावून चहाला उठून जाऊ नका. हात लावायच्या आधी प्लग काढा आणि फिल्टर कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरवा. त्यासाठी स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. क्लिप लावलेला १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना काही सेकंद धरा आणि मीटरवर खात्री करा.

मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असेल तर तोही बघून घ्या. २२० आणि २४० असे दोन्ही असतील तर २४० वर ठेवा. रात्री लोड उतरला की आपल्याकडे २४० सहज दिसतात. परदेशातून आलेला शंभर किंवा एकशे वीस व्होल्टचा ॲम्प्लिफायर असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लगजवळसुद्धा नेऊ नका.

चासीला हात लावण्याआधी न तपासणं

हा भाग घाईने वाचू नका. त्या काळी काही शहरांत डीसीचा पुरवठा होता, त्यामुळे एसी-डीसी दोन्हींवर चालणारे सेट निघाले. त्यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. मेन्सची एक तार थेट लोखंडी चासीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर. व्हॉल्व्हवर यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी 'यू'ने सुरू होणारी नावं दिसली की सावध व्हा. प्लग काढून, रेडिओचं बटण चालू ठेवून, प्लगच्या एकेका पिनेपासून चासीपर्यंत मीटरने रेझिस्टन्स बघा. एका पिनेला सरळ जोड लागला तर सेट याच जातीचा.

अशा सेटच्या नॉबमधल्या स्क्रूवर मेण भरलेलं असतं. पुष्कळ जण ते घाण समजून टोकरून काढतात. ते मुद्दाम भरलेलं असतं, बोट स्क्रूला लागू नये म्हणून. अर्थिंग असावी या चांगल्या हेतूने तीन पिनी प्लग लावून चासीला अर्थ जोडणारेही भेटतात, आणि फेज-न्यूट्रलच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या की थेट शॉर्ट होतो. टेबलावर काम करताना मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेन्सपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, घ्या. चाळीस-पन्नास वॉटच्या सेटला १०० व्हीएचा पुरतो.

मोबाईलची गाणी ऐकायला मागे ऑक्सचा सॉकेट काढून देणं ही सध्याची फॅशन. ट्रान्सफॉर्मरच्या सेटवर ते चालून जाईल. एसी-डीसी सेटवर मात्र ऑक्सच्या तारेची जाळी चासीला, चासी मेन्सला आणि दुसरं टोक तुमच्या हातातल्या फोनला असतं. हे मी कुणालाही करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ब्लूटूथचं कार्ड आत बसवायचं असेल तरी सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच ठेवा, कार्डाला वेगळा छोटा पुरवठा द्या आणि एकही धातूचा भाग बाहेर येऊ देऊ नका. डायलचा दिवा बदलून एलईडी लावण्याआधीही सर्किट बघा. या सेटमध्ये व्हॉल्व्हची फिलामेंटं एका माळेत असतात आणि दिवाही बहुधा त्याच माळेत असतो. माळ तुटली की सगळेच व्हॉल्व्ह विझतात.

साफसफाईचा उत्साह

आपल्या गावात एक खास गोष्ट आहे, ती म्हणजे कापसाची तूस. पूर्व भागात ज्या घरांत पुढच्या खोलीत माग चालायचे, तिथल्या रेडिओचं मागचं झाकण काढलं की आत करड्या लोकरीची गादीच दिसते. स्टेशन लावायला फिरणाऱ्या गँग कंडेन्सरच्या पात्यांतही ती जाऊन बसते. मग स्टेशन फिरवताना एका जागी खरखर होते आणि पुढे सगळं साफ लागतं. ही तूस काढायला सेट टायरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या हवेत पाणी असतं आणि जोर इतका असतो की पाती वाकतात, कॉइलची तार तुटते. मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर पुरेसा आहे. पात्यांमधून पातळ पोस्टकार्डाची पट्टी हलकेच फिरवा, तूस तिला चिकटून येते.

डायलच्या काचेला मात्र पाणी, कॉलिन, स्पिरिट काहीही लावू नका. अक्षरं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात आणि तो रंग इतक्या वर्षांनी नुसत्या ओल्या कापसानेही सुटतो. समोरची बाजू कोरड्या फडक्याने पुसा, आतून फक्त फुंकर मारा.

व्हॉल्यूम खरखरतो म्हणून दुचाकीच्या चेनला मारायचा गंजावरचा स्प्रे त्यात सोडतात. दोन दिवस आवाज साफ येतो, नंतर तेलकट थरावर धूळ बसते आणि खरखर आधीपेक्षा वाढते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून मागा, दोन थेंब सोडा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा.

लाकडी पेटीवर बहुधा व्हिनिअरचा पातळ पापुद्रा असतो. सुताराने त्यावर मशीन फिरवलं की आतला प्लाय उघडा पडतो. मूळचं पॉलिश लाखेचं असेल तर ते स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून त्याच लाखेचा, म्हणजे चपडीचा, पातळ हात देऊन ते पुन्हा सारखं करता येतं. हेच स्पिरिट मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला लागलं तर तबकडी गेलीच समजा, कारण तीही लाखेचीच. आवाजाच्या रेघा डोळ्यादेखत पुसट होतात. तिला साधं पाणी, एक थेंब सौम्य साबण आणि मऊ कापड, तेही मधला कागद न भिजवता. एलपी वेगळ्या, त्या व्हिनिलच्या. दोन्ही उभ्याच ठेवा आणि पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात वाकतात.

सगळं एकदम बदलणं

पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कंडेन्सरची पिशवी भरून आणतात आणि एका रविवारी वीस ठिकाणी सोल्डरचे डाग मारतात. मग सेट लागत नाही आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन सामान जरूर आणा, पण एकावेळी एक-दोनच बदला, प्रत्येक वेळी फोटो काढा आणि सेट लावून बघा.

मोठा कंडेन्सर म्हणजे जास्त चांगला, असं नसतं. ईझेड ८० या रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या, व्हॉल्व्हला पहिल्या फिल्टरसाठी ५० मायक्रोफॅरॅडची मर्यादा दिलेली आहे. तिथे २२० मायक्रोफॅरॅडचा लावला तर दर वेळी चालू करताना व्हॉल्व्हवर ताण येतो आणि तो लवकर जातो. मायक्रोफॅरॅडचा आकडा मूळच्या जवळपास ठेवा. व्होल्टेज मूळचं किंवा त्याहून थोडं जास्त घ्या, आणि आपल्या हवेत १०५ अंश तापमान सोसणाराच घ्या.

आयएफटीच्या, म्हणजे स्टेशनचा सिग्नल निवडून पुढे देणाऱ्या कॉइलींच्या, डब्यांतले स्क्रू फिरवू नका. मी शिकाऊ असताना सैल वाटले म्हणून घट्ट केले होते. एक फेराइटचा गाभा आत तुटला आणि सेट ठार बहिरा झाला. सिग्नल जनरेटरशिवाय ते जुळत नाहीत, आणि सहसा आपोआप बिघडतही नाहीत.

व्हॉल्व्ह मात्र उगाच फेकू नका. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो गेला. डाग आरशासारखा असेल तर आधी पिना साफ करून बघा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अजून छान चालताना मी बघतो.

घुमतंय, पण कुठून?

व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. घुमणं तसंच राहिलं तर दोष फिल्टरमध्ये किंवा आउटपुटमध्ये. गेलं तर तो व्हॉल्यूमच्या आधी आहे, बहुधा तुटलेल्या जाळीच्या तारेत किंवा प्लेअरच्या अर्थमध्ये. ही एक परीक्षा केली तर अर्धं काम वाचतं, तरी लोक आधी सोल्डरिंग आयर्न तापवतात.

ट्रान्झिस्टरच्या जुन्या ॲम्प्लिफायरला पहिल्या झटक्यात चांगले स्पीकर जोडू नका. स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट असतील तर हरकत नाही, पन्नासच्या वर गेले तर कारण शोधा. थेट वीस-तीस व्होल्ट आले तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि स्पीकरची कॉइल क्षणात जाईल. नवा ट्रान्झिस्टर बसवताना खालचं अभ्रक आणि थर्मल पेस्ट विसरू नका. स्पीकरचा फोम कुजून भुगा झाला असेल तर नेमक्या मापाचाच घ्या. चिकटवताना फेविक्विक वापरू नका, कॉइल मध्यावर आणायला वेळच मिळत नाही.

रेकॉर्ड प्लेअरचा बेल्ट सैल झाला म्हणून रबरबँड लावू नका, आवाज डुलतो. तेल फक्त मोटरच्या बेअरिंगला, तेही शिलाई मशीनचं, एक थेंब. रबराच्या चाकाला तेलाचं बोटही लागता कामा नये. जुन्या सिरॅमिक पिनेऐवजी मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवलं आणि आवाज अगदी बारीक, पत्र्यासारखा आला, तर कार्ट्रिज खराब नाही. त्यातून चार-पाच मिलिव्होल्टच निघतात, त्याला तो बारीक सिग्नल वाढवणारा फोनो प्रीॲम्प लागतो. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर एलपीची पिन फिरवू नका. तिची रेघ बरीच जास्त रुंद असते.

सगळं दुरुस्त होऊनही मीडियम वेव्हवर नुसती खरखर येत असेल, तर घरातल्या एलईडी ट्यूब आणि मोबाईलचे चार्जर एकेक करून बंद करत बघा. पूर्वी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बांधायचे ती तांब्याच्या जाळीची एरियल कुणाकडे असेल तर भंगारात देऊ नका, ती खिडकीकडे बांधा.

आजींचा ट्रान्सफॉर्मर मागांच्या मोटरी भरणाऱ्या एका कारागिराने भरून दिला. बारीक तार पुण्याहून आणावी लागली, वेढे मोजायला दोन दिवस गेले. मेणाचे सगळे कंडेन्सर बदलले, आउटपुट व्हॉल्व्ह तोच राहिला. डायलच्या काचेवरची नावं काही परत आली नाहीत. आजींनी त्यांचं रात्रीचं स्टेशन जिथे लागतं, तिथे काचेच्या बाहेरून एक लाल टिकली लावली आहे.