घरसामान स्वतः बांधताय? या चुका टाळा

गाडीच्या धक्क्यांनी सामान फुटतं असं सगळेच म्हणतात. धक्के तर सगळ्याच खोक्यांना बसतात. फुटतं ते आत हलायला जागा मिळालेलं. म्हणून खोकं बंद केलं की दोन्ही हातांनी उचलून हळूच हलवून बघा. आतून खुळखुळ ऐकू आली तर परत उघडा आणि कोपऱ्यांत जुने टॉवेल, मोजे, कागदाचे बोळे कोंबा. एवढी एकच सवय लावून घेतली तरी निम्मं नुकसान टळतं.

खोकी आणि वजन

किराणा दुकानातून मिळतील ती खोकी उचलून आणणं ही पहिली चूक. बिस्किटं-कुरकुऱ्यांची खोकी पातळ असतात. साबणाची आणि औषधांची जाड पुठ्ठ्याची असतात, ती मागा. बेळगावात रविवार पेठेतल्या घाऊक दुकानांत विचारून बघा. सफरचंदांच्या खोक्यांना भोकं असतात, ती स्टीलच्या भांड्यांना चालतात, बारीकसारीक वस्तूंना नाही.

खोक्याच्या तळाच्या चार पाकळ्या एकमेकींत अडकवल्या की काम झालं असं समजू नका. उचलताना नेमका तोच तळ सुटतो. दोन इंची चिकटपट्टी मधल्या फटीवर दोनदा ओढा, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं वर चढवा आणि दोन्ही टोकांच्या कडांवर आडवी एकेक पट्टी मारा. भरलेल्या खोक्याचं वजन 15 किलोच्या वर जाऊ देऊ नका. पुस्तकांना फूटभराचं छोटं खोकंच घ्या. मोठ्या खोक्यात तळाला पुस्तकं आणि वर चादरी भरल्या तर चालतं, पण मोठं खोकं नुसत्या पुस्तकांनी भरलं की जिन्यावर हमालाच्या हातातून सुटणार, मग त्याला बोल लावून उपयोग नाही.

स्वयंपाकघर

काचेच्या बशा आडव्या एकावर एक रचल्या की सगळ्या थराचं वजन खालच्या बशीवर येतं. त्या उभ्या लावा, प्रत्येकीला वेगळा कागद गुंडाळा आणि खोक्याच्या तळाशी घडी केलेली वाकळ घाला. घरातल्या वाकळा, घोंगडी, जुन्या साड्या हेच उत्तम पॅकिंग. ते वेगळ्या गाठोड्यात बांधून ठेवायचं आणि बबल रॅप विकत आणायचं हा उलटा कारभार. ‘तरुण भारत’चे जुने अंक बाहेरून गुंडाळायला ठीक; पांढऱ्या चिनीमातीच्या कपांना आतून कोरा कागद लावा, नाहीतर शाईचे डाग घासत बसावं लागतं.

लोणच्याची बरणी नुसतं झाकण घट्ट लावून पाठवू नका. तोंडावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर झाकण, वरून कापडाचा दादरा आवळा आणि बरणी बादलीत उभी ठेवा. वर्षाची चटणी, ज्वारी, तांदूळ डब्यांत काठोकाठ भरून नेले तर डबे जड होतात आणि आडवे झाले की झाकणं उडतात. धान्य पोत्यात ओता, तोंड दाभण-सुतळीने शिवा. रिकाम्या डब्यांत वाट्या-चमचे कापडात गुंडाळून भरा.

गॅसचा भरलेला सिलिंडर सामानाच्या गाडीत टाकू नका. गावातल्या गावात घर बदलत असाल तर एजन्सीकडे पत्ता बदलून घ्या. दुसऱ्या गावी जाणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्या आणि जोडणी बंद केल्याची पावती जपून ठेवा. नव्या गावात त्याच पावतीवर जोडणी मिळते. शेगडी तुमचीच, ती सोबत न्यायची.

फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर

फ्रीज आदल्या रात्री बंद करा, बर्फ वितळू द्या, आतून पुसून कोरडा करा. दार पट्ट्याने बांधा. गाडीत तो उभाच राहिला पाहिजे. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. तसाच चालू केला तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो. नाइलाजाने आडवा न्यावा लागलाच तर नव्या घरी रात्रभर उभा ठेवून मगच प्लग लावा.

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम स्प्रिंगवर लोंबकळत असतो. नवीन मशीन बसवताना मागचे जे लांब बोल्ट काढले होते, तेच आता परत लावायचे. ते हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरमधून त्याच मॉडेलचे मागवा. न लावता नेलं तर ड्रम आपटून स्प्रिंग निसटते. आणि लावलेले बोल्ट न काढता मशीन चालू केलं तर ते पिळताना जागेवरून उड्या मारतं. नवीन घरी मशीन थरथरतंय अशी तक्रार असेल तर मिस्त्रीला बोलवण्याआधी मागे जाऊन बोल्ट बघा.

इन्व्हर्टर आधी बंद करा, प्लग काढा, मग बॅटरीची काळी तार, नंतर लाल. बॅटरी तिरकी झाली की तेजाब सांडतं, त्यामुळे तिच्याशेजारी गाद्या-कपडे नकोत.

टीव्ही आडवा झोपवून त्यावर उशी ठेवणारे खूप. काचेवर दाब येतो आणि पडद्यावर रेघा उमटतात. तो दोन गाद्यांच्या मध्ये उभा ठेवा.

पाऊस आणि गाडी

शाळेच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये घर बदलणारे ऊन बघून निघतात आणि दुपारनंतर वळीव गाठतो. पुठ्ठा भिजला की त्याचा जोर संपतो, मग वरच्या खोक्यांखाली खालची चेपतात. सामान सकाळी सहाला भरायला घ्या, ताडपत्री गाडीवाल्याची आहे का हे आदल्या दिवशी बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यातच जायचं असेल तर कपडे पुठ्ठ्यात नकोतच. ते पत्र्याच्या ट्रंकेत किंवा प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरा. गादीला घातलेलं प्लॅस्टिक पोचल्या दिवशीच काढा, नाहीतर बुरशी धरते.

शहापूर-वडगावच्या चिंचोळ्या गल्ल्यांत मोठा टेंपो शिरत नाही, छोटा हत्तीच बरा. त्यात पाऊण टनाच्या आसपास माल बसतो, म्हणून कपाट, फ्रीज अशा जड वस्तू केबिनला टेकवून, दोन्ही बाजूंना वजन सारखं येईल अशा लावा. हलकं मागे आणि वर.

निपाणीवरून कोल्हापूरकडे किंवा चंदगडला जाताना राज्याची हद्द लागते. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल (माल नेताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागत नाही. पण खोक्यातून न काढलेला नवा टीव्ही किंवा फ्रीज असेल तर त्याचं बिल हाताशी ठेवा.

जोडताना

पलंग-कपाटाचे स्क्रू एकाच डब्यात टाकले तर जोडताना कुठला कशाचा हे कळत नाही. प्रत्येक वस्तूचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून त्याच वस्तूला चिकटवा आणि खोलण्याआधी सांध्यांचे फोटो काढा. भुश्याच्या बोर्डाचं कपाट पुन्हा जोडताना भोकं सैल होतात. त्यात काड्यापेटीच्या गुल नसलेल्या काड्या फेविकॉल लावून ठोका आणि वाळल्यावर स्क्रू पिळा. कपाटाची दारं तरीही जुळत नसतील तर बिजागरीशी झटापट करू नका. फरशी उताराची असते. खाली झुकलेल्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून बघा.