खोली रंगवण्याआधीची तयारी, गोव्याच्या हवेत

गोव्यात घर रंगवण्याची आठवण बहुतेकांना चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की होते, आणि भर पावसात घाईने मारलेला रंग वर्षाच्या आत पोपडे धरू लागतो. म्हणून तयारीचा आरंभ सामान हलवण्यापासून न करता दिवस निवडण्यापासून करावा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणारी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत सच्छिद्र असते; दिवाळीत ती वरून कोरडी दिसली तरी पोटात ओल धरून असते. या कामाला डिसेंबर ते एप्रिल हे महिने उत्तम होत. चवथीसाठीच रंग हवा असेल, तर तो जूनच्या पावसाआधी उरकून घ्यावा.

भिंत खरोखर वाळली आहे का, हे डोळ्यांवर न सोडता तपासावे. फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीपासून हातभर उंचीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दिसले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले, तर ती हवेतली आहे आणि खिडक्या उघडून पंखा लावल्याने काम भागेल. भिंतीतून ओल येत असेल, तर आधी सरकलेले कौल, गच्चीची भेग, न्हाणीघरातला पाइप किंवा जोत्यातून वर चढणारे पाणी यांचा शोध घ्यावा. तो लागेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये. भिंतीवर फुटलेला पांढरा खार कोरड्या ब्रशनेच झाडावा, कारण पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा गिलाव्यात मुरतो. काळी-हिरवी बुरशी असल्यास एक भाग ब्लीच तीन भाग पाण्यात मिसळून लावावे, थोड्या वेळाने स्वच्छ पाण्याने धुऊन भिंत पूर्ण वाळू द्यावी. हे करताना हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ब्लीचमध्ये ॲसिड वा संडास धुण्याचे द्रावण कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

खोली रिकामी करताना देव्हारा, तसबिरी आणि पडदे दुसऱ्या खोलीत न्यावेत; न हलणारे कपाट-पलंग मधोमध ओढून झाकावेत. नको असलेले खिळे उपटून भोके पुट्टीने भरावीत. मात्र माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची चौकट, टांगण्याचे आकडे आणि कड्या तशाच राहू द्याव्यात.

खरवडण्याच्या कामात कसूर करू नये, कारण नवा रंग किती टिकणार हे इथेच ठरते. भिंतीवर तळहात फिरवून पाहावा. भुकटी हाताला लागली, तर भिंतीवरचा जुना चुना खरवडण्याच्या पत्र्याने पूर्ण काढावा, नाहीतर पुट्टी त्या भुकटीलाच चिकटते आणि तिच्यासकट सुटते. जुन्या घराला चुन्याचा गिलावा असेल, तर त्यावर सिमेंटची पुट्टी आणि जाड प्लास्टिक रंग चढवणे टाळावे. भिंतीतली वाफ बाहेर पडण्याची वाट त्याने बंद होते, म्हणून अशा भिंतीला चुन्याचाच रंग बरा. दारे-खिडक्यांवरच्या जुन्या तैलरंगाबाबत विशेष जपावे. घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते, तेव्हा ते कोरडे न घासता ओल्या पॉलिश पेपरने घासावेत, तोंडाला साधे फडके न बांधता योग्य मास्क लावावा आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तिथे फिरकू देऊ नये.

धूळ ओल्या फडक्याने पुसून, ती ओल वाळल्यावरच मास्किंग टेप हातात घ्यावी. धुळीवर किंवा दमट पृष्ठभागावर टेप धरत नाही आणि सैल कडेखालून रंग आत ओघळतो. जमिनीवर नुसती वर्तमानपत्रे पसरू नयेत, ती भिजून फाटतात. खाली ताडपत्री आणि वर जुन्या चादरी घालाव्यात, म्हणजे थेंब शोषले जातात आणि पाय घसरत नाही. जुन्या तांबड्या सिमेंटच्या जमिनीवर हे आवर्जून करावे, तिच्यात मुरलेला डाग निघत नाही. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डांची झाकणे काढावीत, पंख्याच्या पात्यांना पिशव्या बांधाव्यात.

चौकटीवर टेप एकदम लांब न ओढता हातभर लांबीच्या तुकड्यांत लावावी आणि रंग येणारी कड पत्र्याच्या धारेने दाबत जावी. कोपऱ्यात दोन तुकडे एकमेकांवर चढवून नखाने बसवावेत. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्या असतील, तर टेप शिंपल्याला मुळीच लावू नये, तो पातळ असल्याने ओढताना तडकू शकतो. कागद आतून धरून फक्त लाकडाला चिकटवावा. टेप शेवटचा हात किंचित ओला असतानाच तिरकी ओढून काढावी, आणि रंग वाळून गेला असेल तर आधी कड कटरने हलकेच कापून घ्यावी.