सीपॅप मशीनच्या टाकीत कुठलं पाणी घालावं?

मशीन ह्यांचं, पण पाणी भरायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला आणि झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी आलं, की दोन-तीन दिवसांत मला फोन येतोच. "काकू, त्या डबीत पाणी कुठलं घालायचं हो?" मशीन बसवायला आलेला मुलगा 'प्युअर वॉटर घाला' एवढं सांगून गेलेला असतो. मग घरात प्रत्येक जण आपापलं डोकं चालवतो. कुणी बिसलेरी ओततं, कुणी इन्व्हर्टरचा कॅन आणतं, कुणी एसीच्या पाइपाखाली बादली लावतं.

उत्तर साधं आहे : डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं पाणी. मशीनच्या पुस्तिकेतही हेच लिहिलेलं असतं. पण पुस्तिका लिहिणाऱ्याला आपल्याकडच्या दुकानात उभं राहून ते मागायचं नसतं. खरी खटपट तिथे आहे.

1. आधी घरच्या पाण्याचा हिशेब करा

टाकीखालची पट्टी गरम होते, पाण्याची वाफ होते आणि मशीनची हवा ती वाफ घेऊन नळीतून मास्ककडे जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीतच उरतात. म्हणजे 'साधं पाणी घातलं तर फुप्फुसात खडे होतात' हा जो व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर आहे, तो खुशाल पुसून टाका. पाण्याचे बारीक तुषार उडवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं वेगळी. त्यांतून क्षार हवेत उडतात आणि फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. सीपॅपची टाकी तशी नसते.

पण टाकीची वाट लागते, ती मात्र खरीच. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅम सहज असतो. रात्रीत 300 मिली पाणी उडालं तर 150 मिलिग्रॅम क्षार मागे राहिले. महिन्याचे झाले साडेचार ग्रॅम, जवळपास चमचाभर. आधी तळाच्या धातूच्या पट्टीवर पांढुरका पापुद्रा येतो, मग तो नखाला खरखरीत लागतो, मग कडेच्या सीलपाशी जमतो आणि टाकी गळायला लागते.

मुंबईला तानसा-भातसाचं, पुण्यात खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं. ते बोअरच्या मानाने बरंच हलकं असतं, त्यामुळे तिथली माणसं 'आमच्याकडे नळाचंच चालतं' असं सांगतात. त्यांच्या टाकीवर पापुद्रा उशिरा येतो, एवढंच. जंतूंचा प्रश्न तिथेही तसाच राहतो. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी रात्रभर कोमट ठेवायचं आणि त्यावरून गेलेली हवा नाकात घ्यायची, हे मला पटत नाही. लेजिओनेलासारख्या जंतूंना कोमट पाणी फार मानवतं.

2. हे घालू नका

बाटलीबंद पाणी : पिण्यासाठी उत्तम, पण चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम घातलेले असतात. लेबलवर मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियम बायकार्बोनेट वगैरे नावं वाचा. एसीचं पाणी : कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन आलेलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी : तेच. गुलाबपाणी, निलगिरी तेल, बाम, कापूर : टाकीत काहीही टाकायचं नाही, सर्दी झाली तरी नाही.

3. खरं डिस्टिल्ड ओळखून आणा

याच पायरीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि चुकीचे सल्लेही सगळ्यात जास्त इथेच मिळतात. दुकानात 'डिस्टिल्ड वॉटर' मागितलं की आपल्यासमोर निरनिराळ्या वस्तू येतात आणि दुकानदार प्रत्येकीला डिस्टिल्डच म्हणतो.

पहिली, बॅटरीच्या दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा 5 लिटरचा कॅन. लेबलवर 'बॅटरी वॉटर', 'डीएम वॉटर', कधी ठळक अक्षरांत 'डिस्टिल्ड'. आत बहुतेक वेळा डीएम, म्हणजे डिमिनरलाइज्ड पाणी असतं. पाणी रेझिनमधून सोडून क्षार काढलेले असतात, वाफ करून थंड केलेलं नसतं. रेझिन क्षार धरून ठेवतं, जंतू धरत नाही. बॅटरीच्या पाण्याला आपल्याकडे आयएस 1069 हे मानक आहे, पण ते बॅटरी टिकावी म्हणून केलेलं आहे, कुणी त्यावरून श्वास घेईल म्हणून नाही. त्यात सुटं भरून मिळणाऱ्या कॅनमध्ये आधी काय होतं, हे भरणाऱ्यालाच ठाऊक. 'आम्ही तेच वापरतो, काही होत नाही' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मशीनला काही होत नाही हे खरं, टीडीएसही शून्याजवळ येतो. तरी माझं मत ठाम आहे : ते इन्व्हर्टरला घाला.

दुसरी, मेडिकलमधल्या 'स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन'च्या इवल्याशा कुप्या. पाणी अव्वल, पण 5 मिलीच्या कुप्या फोडून टाकी भरायची तर एका रात्रीला 60 लागतील. 'स्टराइल वॉटर फॉर इरिगेशन' या नावाने लिटरची बाटली मिळते. ती महाग पडते, पण केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी डॉक्टरांना विचारून तीच घ्यावी.

आता सावध राहा. तशाच दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत सलाइन असतं. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा पोऱ्या 'हेच ते' म्हणून सलाइन हातात ठेवतो. त्यात लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. 300 मिली उडालं की टाकीत पावणेतीन ग्रॅम मीठ, तेही एका रात्रीत. लेबलवर 'सोडियम क्लोराइड' दिसलं की बाटली परत.

मग आणायचं कुठून? सर्जिकल सामानाची दुकानं आणि पॅथॉलॉजी लॅबना केमिकल पुरवणारे व्यापारी, हे दोन पत्ते भरवशाचे. त्यांना सरळ विचारायचं, "वाफेवर काढलेलं आहे का डीएम?" ज्याला प्रश्न कळतो त्याच्याकडून घ्यायचं. कॅनचं सील शाबूत हवं आणि त्यावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर, तारीख हवी. आणि गावात कुठेच पत्ता लागत नसेल तर दातांच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. त्यांना अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हसाठी डिस्टिल्ड वॉटर लागतंच, त्यामुळे ते कुठून येतं हे त्यांच्या कंपाउंडरला पाठ असतं. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती, नाहीतर पुष्कळ हेलपाटे वाचले असते.

घरी आणल्यावर तपासा. पेनासारखा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. खऱ्या डिस्टिल्डचा आकडा 0, 1, फार तर 2 येतो. दहाच्या वर गेला तर ते पाणी कपड्यांच्या इस्त्रीला. मीटर टोक धुऊन बुडवा, नाहीतर आधीच्या पाण्याचाच आकडा दाखवील. आणि मीटर क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. शून्य दिसलं म्हणून ते पाणी निर्जंतुक ठरत नाही.

मीटर नसेल तर काचेची स्वच्छ बशी घ्या. त्यावर नळाचं, आरओचं आणि कॅनमधलं पाणी असे तीन थेंब अंतराअंतरावर ठेवा आणि बशी खिडकीत वाळू द्या. नळाच्या थेंबाचं जाड काठाचं पांढरं कडं उरतं. आरओचं कडं बशी तिरपी केल्यावर उजेडात दिसतं. डिस्टिल्डच्या जागी काचच दिसायला हवी.

काही घरांत पाणी डिस्टिल करायचं छोटं यंत्र घेतात. एक लिटरला साधारण पाऊण युनिट वीज जाते, म्हणजे 4 लिटरच्या खेपेला तीन युनिट आणि काही तास. तालुक्याच्या गावी काहीच मिळत नसेल तर हा मार्ग चांगला. पुण्या-मुंबईत मी तरी ते लचांड मागे लावून घेणार नाही.

4. साठवण

ज्या कॅनमध्ये आलं त्यातच, झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब. आत पेला बुडवायचा नाही, ओतूनच घ्यायचं. आपल्याकडे चांगलं पाणी दिसलं की तांब्याच्या हंड्यात ठेवायची हौस असते. हे पाणी धातूत ठेवू नका. आणि फोडलेला कॅन महिनोन् महिने पुरवू नका. 5 लिटरचा मोठा वाटत असेल तर लिटरच्या बाटल्या घ्या.

5. रोजचं भरणं

टाकी मशीनमधून काढून, खुणेच्या रेषेपर्यंत. सकाळी उरलेलं ओतून, टाकी धुऊन उपडी वाळवायची. कालच्यावर आजचं घालत राहिलं तर उत्तम पाणीसुद्धा वाया.

6. डिस्टिल्ड संपलं तर

रात्री दहाला कॅन रिकामा निघाला म्हणून मशीन बंद ठेवू नका. हे वाक्य मी फोनवर सगळ्यांना दोनदा ऐकवते. बहुतेक मशीन ह्युमिडिफायर, म्हणजे ही पाण्याची टाकी तापवून हवा ओली करणारा भाग, बंद ठेवूनही चालतात. घसा कोरडा पडेल, पण श्वास अडकणार नाही. कोरडी हवा अजिबात सोसत नसेल तर घरच्या आरओचं पाणी खळखळून उकळा आणि झाकून पूर्ण गार झाल्यावर वापरा. उकळल्याने जंतू मरतात, क्षार बहुतांशी तिथेच राहतात, म्हणून हा एक-दोन रात्रींचाच तोडगा. गरम पाणी टाकीत ओतलं तर प्लॅस्टिक वाकडं होतं.

7. पापुद्रा आलाच तर

एक भाग पांढरं व्हिनेगर, नऊ भाग पाणी. टाकीत घालून ठेवा, पापुद्रा मऊ पडला की मऊ फडक्याने पुसा आणि वास जाईपर्यंत धुवा. घासणी, ब्लीच, संडासाचं अॅसिड, काही नको. एवढ्याने निघाला नाही तर नवी टाकी घ्या, ती सुटी मिळते.

8. पावसाळा आणि प्रवास

कोकणात, मुंबईत जूनपासून हवाच ओली असते. ह्युमिडिटीचा आकडा कमी केला नाही तर नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी तोंडाकडे न येता मागे जाईल. नागपूरच्या थंडीत किंवा रात्रभर एसी चालू असताना याच्या उलट, आकडा वाढवावा लागतो.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांना पाण्याची चिंता नको. तिथे किराणा दुकानातच डिस्टिल्डचे गॅलनचे कॅन असतात. फक्त निघताना टाकी रिकामी करून, पुसून, वेगळी बांधा. पाण्यासकट मशीन बॅगेत आडवं झालं तर पाणी थेट मोटरीत जातं.