कासचा दवबिंदू लिनोवर कसा कोरावा

लिनो म्हणजे कोरून ठसे छापण्यासाठीचा लिनोलियमचा मऊ तुकडा. त्यावर एकदा कोरलं की ते बुजवता येत नाही. त्यामुळे कोरायचं टूल हातात घेण्याआधी वनस्पती, म्हणजे इथे दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती, नीट बघून घ्यावी लागते. ज्यांनी हे घाईत उरकलेलं असतं, त्यांचे ठसे लगेच ओळखू येतात.

बघणं. साताऱ्याहून कास पठार साधारण २५ किलोमीटर. ऑगस्टअखेरीपासून फुलांचे गालिचे दिसू लागतात आणि सगळे उभ्यानेच फोटो काढतात. तुम्ही वाटेच्या कडेलाच उकिडवे बसा आणि ओलसर जागी दवबिंदू शोधा. जांभ्यावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र कमी. ती तूट ही वनस्पती किडे पकडून भरून काढते. तोडायला मनाई आहे, आणि तोडून उपयोगही नाही, कारण थेंबांची चमक घरापर्यंत टिकत नाही.

भिंगातून बघा. अरुंद, लांब पान. त्यावर तांबूस तंतू, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. कोवळ्या पानाचं टोक गुंडाळलेलं असतं. किडा अडकला असेल तर आजूबाजूचे तंतू त्याच्याकडे झुकलेले दिसतील. एकच पान निवडा आणि मोठ्या आकारात काढा. पेन्सिलच वापरा, भुरभुर पावसात पेनाची शाई पसरते. मोबाइलवर फोटो जरूर घ्या, पण फक्त त्यावरून चित्र काढू नका. फोटोत सगळंच सारखं महत्त्वाचं दिसतं. कोरताना मात्र काय सोडायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

उतरवणं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र गिरवा, पालथं घालून लिनोवर घासा. लिनोवर ते उलटं उमटतं, म्हणजे ठसा सुलट येतो.

कोरणं. कोरलेला भाग पांढरा येतो. म्हणून पार्श्वभूमी काळी ठेवून वनस्पतीच कोरायची. थंडीत लिनो कडक होतो, थोडा वेळ उन्हात ठेवा. दुसरा हात कायम टूलच्या मागे. तंतूंसाठी सगळ्यात बारीक व्ही टूल (V आकाराच्या टोकाचं) घ्या आणि देठाकडून टोकाकडे जाताना दाब हलका करत न्या. थेंबासाठी बारीक यू टूलचं (U आकाराचं) टोक टेकवून टूल स्थिर धरा आणि लिनो गोल फिरवा. तंतू आणि थेंब यांच्यामध्ये काळी फट, म्हणजे न कोरलेली लिनोची कड, राखा. ती नसेल तर थेंब तंतूतच मिसळतो, आणि फारच बारीक ठेवली तर तुटते. इथे वेळ लागतो, लागू द्या.

छापणं. काचेवर थोडी शाई घेऊन रोलर फिरवा. बारीक चरचर ऐकू आली की थर बरोबर जमला. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली, आणि ती आधी बारीक रेषाच बुजवते. पातळ हातकागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. एक कोपरा उचलून बघा, फिकट असेल तर तिथे पुन्हा घासा.

पहिला ठसा चाचणीचा. तो फोटोशेजारी नाही, मूळ रेखाटनाशेजारी ठेवा आणि तंतूंचा झुकाव ताडून बघा. कमी कोरलेलं अजून कोरता येतं.

तेलाची शाई असेल तर ठसे दोन-तीन दिवस दोरीवर वाळवा, लिनो आणि रोलर गोड्या तेलाने पुसा. बारा ठसे काढायचे ठरवले असतील तर तिसऱ्याखाली पेन्सिलीने ३/१२ लिहून सही करा.