आदिवासी पट्ट्यातल्या साइटवर गार्ड लावायचे असतील तर

इंदूरच्या मॉलला गार्ड पुरवणं वेगळं आणि धार, झाबुआ, आलीराजपूर, बडवानीकडच्या खाणीवर पुरवणं वेगळं. मॉलमध्ये येणारा गिऱ्हाईक असतो. तिकडे भिल्ल-भिलाला पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत, उपरा असतो तो आपला गार्ड. महूच्या लष्करी छावणीतून रिटायर होऊन मी एजन्सी काढली. आता रामबागेतल्या ऑफिसात फौजेतून नुकती सुटलेली मराठी पोरं येऊन विचारतात, "काका, तिकडची साइट घेऊ का?" घ्या की. पण आधी हे वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याचं (PSARA, बोलण्यात 'पसारा') लायसन्स, प्रत्येक गार्डला फोटोचं ओळखपत्र, वर्दी पोलिसासारखी दिसणार नाही अशी. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानात ट्रेनिंग, माजी सैनिकाला 40 आणि 16. पंधरा गार्डांमागे एक सुपरवायझर. एवढं सगळेच करतात, निदान कागदावर तरी.

खरं काम पायी करायचं. कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी गावच्या पटेलाला (म्हणजे गावच्या मुखियाला) आणि फलियातल्या, म्हणजे पाड्यातल्या, दोन-तीन बायकांना बरोबर घेऊन साइटची पूर्ण हद्द फिरा. बायका हव्यातच. पाणी कुठून येतं, सरपण कुठून, गुरं कुठल्या नाल्याने उतरतात हे पटेलापेक्षा त्यांना पक्कं ठाऊक असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला त्या उजाडायच्या आत निघतात, त्यानंतर तेंदूपत्त्याचे दिवस. अंधारात टोपली घेऊन चाललेली बाई नवख्या गार्डला चोर वाटते आणि तो शिट्टी मारत धावतो. तिथून जे बिघडतं ते वर्षभर सुधारत नाही.

म्हणून पहिली यादी करायची ती कुणाला अडवायचं नाही याची. ही पायवाट, हा झरा, ही मोहाची झाडं, देवाची जागा, पूर्वजांचे दगड. नकाशावर रंगाने काढा आणि चौकीत टांगा. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदूपत्ता, मध, लाख, बांबू असं गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मानला आहे. तो वापरणाऱ्याच्या आड आलात तर अनुसूचित जाती-जमातींसाठीचा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो, आणि मग साहेबांनी सांगितलं होतं म्हणून गार्ड सुटत नाही.

दगडांवरून आठवलं. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक शेतात सापडलेले गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत होते. ती डायनासोरची अंडी निघाली. शेंदूर दिसो न दिसो, गार्डने कुठलाच दगड लाथेने बाजूला सारायचा नाही.

कंपनीकडून लीजची प्रत आणि ग्रामसभेचे कागद मागून घ्या. अनुसूचित क्षेत्रात मुरूम, रेती, दगड अशा गौण खनिजाच्या लीजला पेसा कायद्याप्रमाणे (1996, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) ग्रामसभेची शिफारस लागते. "ते आमचं आम्ही बघू" असं उत्तर आलं तर काम सोडा. भांडण लीजचं असतं, पण मॅनेजर विजयनगरच्या एसी ऑफिसात बसलेला असतो आणि गावाचा राग झेलायला गेटवर उभा असतो तुमचा पोरगा. गाव हटवायला म्हणून गार्ड मागत असतील तर तो आपला धंदाच नव्हे.

भरती त्याच गावांतून करा. कुणाचा बैल, कुणाची पोर, कोण बाहेरचा, हे स्थानिक पोराला एका नजरेत कळतं. पण सगळे एका फलियाचे नकोत, आणि जुनं वैर असलेल्या दोन घरांची पोरं एका पाळीत नकोत. सुपरवायझर मात्र बाहेरचा ठेवा. भावकीतल्या माणसाला नाही म्हणणं त्याला जमतं. गेटवर एक तरी बाई गार्ड हवी, बायकांच्या अंगाला पुरुषाने हात लावायचा नाही. होळीआधीचा भगोरियाचा, म्हणजे भिल्लांच्या जत्रांचा, आठवडा रोस्टरमध्ये आधीच मोकळा धरा. दिलीत न दिलीत, पोरं सुट्टी घेणारच. आणि खांद्यावर तीरकामठं घेतलेला माणूस दिसला म्हणून इंदूरला फोन करायचा नसतो. राम-राम करायचा.

आता रात्रीचा रेतीचा ट्रॅक्टर. डोक्यावरची मोळी आणि ट्रॉलीतली रेती एका मापाने मोजू नका. मोळी गावाच्या चुलीसाठी असते, ट्रॉलीच्या मागे पैसा आणि टोळी असते. तरीही ट्रॅक्टरच्या पुढे उभं राहायचं नाही. मार्च 2012 मध्ये मुरैन्यात बेकायदा दगडाची ट्रॅक्टर-ट्रॉली अडवताना एक आयपीएस अधिकारी चिरडला गेला. तुमच्या गार्डकडे काठी आणि टॉर्च आहे. त्याने नंबर, वेळ आणि दिशा टिपायची, 112 लावायचा, सकाळी खनिज विभागाला आणि ग्रामसभेला लेखी द्यायचं. गाडी जप्त करायचा अधिकार आपल्याला नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर नागरिक म्हणून पकडता येतं, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. चौकीत डांबून दोन थपडा लावणं हा सरळ गुन्हा आहे. हे ट्रेनिंगमध्ये सांगून भागत नाही, दर महिन्याच्या हजेरीला पुन्हा सांगा.

गार्डविरुद्ध तक्रार कुठे करायची हे गावाला कळलं पाहिजे. सुपरवायझरचा नंबर गेटवर रंगवा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी हाटाच्या दिवशी भिलीत तोंडी सांगायला कुणाला तरी पाठवा. गुरं हाकलली, शिवी दिली असल्या कुरबुरी गावच्या शांती आणि विवाद निवारण समितीकडे न्या. मध्य प्रदेशच्या 2022 च्या पेसा नियमांत ती आहे. बाईची छेड किंवा मारहाण असेल तर समिती नको, भांजगडा (पंचांपुढची आपसातली तडजोड) करून पैसे देणं तर अजिबात नको, सरळ ठाणं. गार्ड तुमचा असला तरी.

राहिला दर. आपल्याकडे बारा तासांच्या पाळीचा रिवाज पडलाय. वैशाखात टेकडीवर अकरावा तास उभा असलेला माणूस कुणावरही खेकसतो, आणि समोर येते ती नेमकी पाण्याचा हंडा घेतलेली म्हातारी. कोटेशन आठ तासांच्या तीन पाळ्या धरून द्या, पगार बँकेत, पीएफ वेळेवर. स्वस्तात देणारा भेटला म्हणून कंपनी तिकडे गेली तर जाऊ द्या.