प्रॉमच्या संध्याकाळी फोटो काढून द्यायचेत? मग सुरुवात अशी करा

मे अर्धा सरला की आमच्याकडे न्यू जर्सीत गुरुवारी-शुक्रवारी दुपारी एखाद्या घरासमोर हमखास दहा-बारा गाड्या लागलेल्या दिसतात, लॉनवर टक्सेडो घातलेली मुलं अवघडून उभी असतात आणि मुली गाउन दोन्ही हातांनी उचलून, सॅंडल बोटांत अडकवून अनवाणी चालत असतात. हे प्रॉम. अकरावी-बारावीच्या मुलांचा जेवणाचा आणि नाचाचा कार्यक्रम, शाळा एखादा हॉल घेऊन करते. टेक्सास, जॉर्जिया अशा दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा लवकर संपते म्हणून तिकडे हे बहुतेक एप्रिलच्या आसपासच होतं, आमच्याकडे मे अखेर ते जून.

मी गेली सहा वर्षं प्रॉमचे फोटो काढतेय, आधी लेकीच्या मैत्रिणींचे काढले, मग ओळखीतून काम वाढत गेलं. आता आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणी विचारतात की कॅमेरा आहे, हात बऱ्यापैकी बसलाय, मग हे कसं सुरू करू, म्हणून सगळं एका जागी लिहून काढते.

एक गैरसमज आधी काढून टाका. आपलं काम प्रॉममध्ये नसतं, प्रॉमच्या आधी असतं. हॉलमध्ये शाळेने ठरवलेला फोटोग्राफर असतो, आत यायला तिकीट आणि यादीत नाव लागतं, तिथे घुसायचा विचारही करू नका. आपल्याला मिळतो तो मुलांना हॉलवर नेणारी बस निघायच्या आधीचा तास-दीड तास, कुणाच्या तरी अंगणात किंवा पार्कमध्ये, जिथे आई-बाबा, धाकटी भावंडं, कधी सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली आजी, सगळे हजर असतात. मला तर हाच भाग खरा वाटतो, कारण हॉलमध्ये मुलं मित्रांची असतात, अंगणात ती अजून घरची असतात.

पैसे घेण्याआधी व्हिसा बघा

हे कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी देणाऱ्या कंपनीशिवाय बाहेरून असे पैसे घेता येत नाहीत, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या मुलांनीही या भानगडीत पडू नये. एच-४ वाल्यांपैकी, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या नवरा-बायकोंपैकी काहींना, जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल वगैरे, २०१५ पासून ईएडी, म्हणजे काम करायचं परवाना-कार्ड मिळतं आणि ते हातात असेल तर स्वतःचा धंदा करता येतो. मीही तेव्हा ईएडी येईपर्यंत थांबले होते. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला विचारू नका. आणि कमाई सुरू झाली की वर्षाचा खर्च वजा जाता नफा ४०० डॉलर किंवा जास्त असेल तर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा फॉर्म भरावा लागतो, हा टॅक्स साधारण १५.३ टक्के असतो, म्हणून पहिल्या दिवसापासून पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. लायबिलिटी इन्शुरन्सही घ्या, लाइट स्टँड वाऱ्याने पडून कुणाच्या डोक्याला लागला तर काय, एवढा विचार केला तरी पुरे.

बोलणी मुलांशी नाही, पालकांशी

मुलं इन्स्टाग्रामवर शोधतात आणि मेसेजही तीच करतात, त्यांना छान उत्तर द्या आणि लगेच सांगा की आईला किंवा बाबांना मला फोन करायला सांग. ही मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. १८ च्या खालच्या मुलाची सही करारावर असून उपयोग नाही, तो करार ते मूल कधीही मोडू शकतं. पण कायद्यापलीकडेही माझे नियम ठरलेले आहेत आणि ते मी कुणासाठी मोडत नाही: मुलांशी खाजगी चॅट नाही, आई किंवा बाबा त्या मेसेजमध्ये असलेच पाहिजेत, एकट्या मुलीचे किंवा मुलाचे फोटो मोठं माणूस जवळ असल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही फोटो माझ्या पेजवर टाकायचा नाही. ग्रुपमधल्या चौदा घरांनी हो म्हटलं आणि एकाने नाही म्हटलं तर तो ग्रुप फोटो टाकायचा नाही, विषय संपला.

दर ग्रुपमध्ये एक यजमान आई असते जिच्या अंगणात सगळे जमतात, तीच आपली खरी क्लायंट. फेब्रुवारी-मार्चमध्येच तिच्यापर्यंत पोचलात तर काम मिळतं, मे मध्ये जाग आली तर उशीर झालेला असतो. मी दर माणशी रेट लावत नाही, दीड तासाचे ठोक ४५० डॉलर घेते, पंधरा मुलं असली तर घरटी ३० येतात आणि गोळा करायचं काम यजमान आई करते. पहिल्या वर्षी मी १५० च घेतले होते, शिकत होते म्हणून, तुम्हीही तसंच करा पण फुकट करू नका, कारण फुकटच्या कामाला लोक वेळेवर येत नाहीत. १०० डॉलर आधी, बाकी त्याच दिवशी.

आदल्या आठवड्यात जागा बघून या, त्याच वेळेला

बस साडेपाच-पावणेसहाला निघते आणि आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य मावळायला सव्वाआठ-साडेआठ होतात. म्हणजे ते सोनेरी ऊन वगैरे विसरा, आपल्याला मिळतं ते साडेचार-पाचचं कडक ऊन, डोळे बारीक करायला लावणारं. त्यामुळे मी घराची दिशा आधी मॅपवर बघते. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीची सावली त्या वेळी लांब पडलेली असते, तिथे सगळ्यांना उभं केलं की चेहऱ्यावर सारखा, मऊ उजेड येतो.

झाडाखाली मात्र जपून. पहिल्या वर्षी मी एका मोठ्या मेपलखाली चौदा मुलांना उभं केलं, सावली गार होती, मागे हिरवं छान दिसत होतं, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मला काही कळलंच नाही. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघते तर पानांमधून आलेले उन्हाचे कवडसे प्रत्येकाच्या तोंडावर, कुणाच्या नाकावर पांढरा ठिपका, कुणाचा अर्धा गाल जळलेला. त्या मुलांची बस तर कधीच गेली होती आणि तो फोटो परत काढणं कुणाच्याच हातात नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी आधी स्वतःचा तळहात पुढे धरून बघते, हातावर कवडसे दिसले तर जागा बदलायची.

लॉनचाही एक त्रास आहे जो कुणी सांगत नाही. ऊन हिरवळीवरून उलटं वर येतं आणि हनुवटीखाली, पांढऱ्या शर्टवर, फिक्या गाउनवर हिरवट झाक येते. ड्राइव्हवेचं कॉंक्रीट किंवा दगडी पायऱ्या दिसायला साध्या असतील पण तिथला खालून येणारा उजेड स्वच्छ असतो, मी बहुतेक पोर्ट्रेट तिथेच काढते.

पाऊस आला तर गॅरेज. खरंच सांगते, गॅरेजचं दार पूर्ण वर करा, मुलांना दाराच्या दोन पावलं आत बाहेर तोंड करून उभं करा आणि आपण दाराबाहेर छत्रीखाली उभे राहा, ढगाळ आकाशाचा इतका सुंदर उजेड स्टुडिओतल्या कुठल्याच सॉफ्टबॉक्सच्या दिव्याने येत नाही आणि मागचा काळोख आपोआप पडद्यासारखा होतो. एका वर्षी आम्ही सायकली, मॉवर, रिसायकलिंगचे डबे मागे ढकलून त्यावर काळी चादर टाकली होती, त्या आईला आधी रडू येत होतं आणि नंतर तिने त्याच फोटोची मोठी फ्रेम केली.

पार्कमध्ये जायचं असेल तर परमिट लागतं का ते त्या पार्कच्या ऑफिसला फोन करून विचारा. सॉमरसेटच्या कलोनियल पार्कमधली गुलाबाची बाग जूनमध्ये भरात असते आणि सगळ्यांनाच तिथे जायचं असतं, त्यामुळे तिथे दुसऱ्यांचे चार ग्रुप भेटणार हे धरून चाला. ड्रोन उडवायचा असेल तर पैसे घेऊन उडवायला एफएएचं, म्हणजे इथल्या विमान वाहतूक खात्याचं पार्ट १०७ लायसन्स लागतं, ते नसेल तर ड्रोन घरी.

सामान आणि सेटिंग

फार काही लागत नाही. दोन मेमरी कार्डांचा कॅमेरा, दोन्ही कार्डांवर एकदमच रेकॉर्ड होईल असा लावलेला, ३५ आणि ८५ मिमीची लेन्स किंवा एक २४-७० ची झूम, एक फ्लॅश, तीन बॅटऱ्या. मोठ्या ग्रुपला ३५ पेक्षा वाइड जाऊ नका, कडेच्या मुलांचे दंड आणि चेहरे ताणले जातात आणि कडेला उभं राहणारं मूल बहुतेक वेळा आधीच बुजलेलं असतं. मुलांच्या दोन ओळी असतील तर ॲपर्चर एफ ५.६, तीन असतील तर ८, शटर १/२५० आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्येच काढा, कारण एकाच फ्रेममध्ये गोरी, गव्हाळ, सावळी, काळी अशी सगळी त्वचा असते, वर काळे टक्सेडो आणि टिकल्यांचे गाउन. फ्लॅश अगदी मंद, फक्त डोळ्यांखालची सावली भरण्यापुरता.

कॅमेऱ्याच्या बॅगेत सेफ्टी पिना, टिश्यू, पाण्याच्या बाटल्या आणि एक छोटा स्टीमर ठेवा, सॅटिनच्या गाउनवर गाडीच्या सीटबेल्टची आडवी चुणी हमखास पडलेली असते.

त्या दीड तासात काय करायचं

मुलांना साडेचारला बोलवायचं असेल तर सव्वाचार सांगा, कुणाची ना कुणाची हेअर अपॉइंटमेंट लांबतेच. जसजशी येतील तसतसे आधी एकेकट्याचे आणि घरच्यांबरोबरचे फोटो उरकून घ्या. ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. सगळे जमले की मुलं आपापल्या घोळक्यात जातात आणि मग आई-बाबांना कुणी फोटोत घेत नाही, आई तर फोन घेऊन फोटो काढण्यातच गुंतलेली असते. मी दारातच सांगते, काकू, फोन खाली ठेवा आणि इकडे लेकाशेजारी उभ्या राहा. यादीत प्रत्येक मुलापुढे खूण करते, घरच्यांबरोबर झाला की नाही. आई-बाबांना कामावरून सुटता आलं नसेल तर शेजारीण, मावशी, मोठा भाऊ, जो कोणी सोडायला आलाय त्याच्याबरोबर.

मुलगी मुलाच्या कोटाच्या लेपलला, म्हणजे कॉलरच्या दुमडलेल्या पट्टीला, बूटोनिअर, म्हणजे छोटं फूल लावते आणि तो तिच्या मनगटावर कॉर्साज बांधतो, कॉर्साज म्हणजे मनगटावरचा गजराच म्हणा. हे नुसतं होऊ द्या, मध्ये बोलू नका, ८५ लावून लांबून काढा. परवाच्या सीझनला एका मुलीला पिन काही लावता येईना, फुलाचा देठ निसटत होता, तो मुलगा हनुवटी वर करून, श्वास रोखून, दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा, आणि शेवटी त्याच्याच आईने पुढे होऊन पिन देठातून तिरकी कशी घालायची ते तिला दाखवलं, तिघांचे हात एका लेपलवर. त्या दिवशी मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो.

मोठा ग्रुप बसच्या अर्धा तास आधी, कारण बस कधी लवकरही येते. मागे पालकांची भिंत उभी असते, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि मुलांच्या नजरा पंधरा दिशांना. त्यांना हाकलू नका, पहिली दोन मिनिटं त्यांनाच द्या, मग मोठ्याने सांगा की आता फोन खाली, सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. निदान आठ-दहा फ्रेम घ्या, पंधरा जणांत कुणीतरी डोळे मिटतंच. मग जोड्या, मग मैत्रिणी-मैत्रिणी, आणि जे जोडीशिवाय आलेत त्यांना आवर्जून हाक मारून त्यांचे मनासारखे चार फोटो.

तो कमरेवर हात ठेवून मागे उभं राहायचा ठरलेला पोज असतो ना, तो कुणावर लादू नका, विचारा की कसं उभं राहायला आवडेल. आणि गाउन किंवा केस स्वतः हात लावून सारखे करायचे नाहीत, तिच्या मैत्रिणीला किंवा आईला सांगायचं.

घरी आल्यावर

त्याच रात्री दहा-पंधरा फोटो तरी पाठवा, मुलांना ते झोपायच्या आधी हवे असतात. बाकीचे चार-पाच दिवसांत, पासवर्ड असलेल्या गॅलरीत.

एडिटिंगमध्ये पिंपल काढा, सुटलेला धागा काढा. पण रंग उजळवू नका. आपल्याच लोकांकडून हे सगळ्यात जास्त येतं, जरा गोरी करून दे ना, कंबर थोडी आत घे ना. मी नाही म्हणते, आणि का ते नीट सांगते, की ती सतरा वर्षांची आहे, तिला हा फोटो आयुष्यभर पुरणार आहे आणि तिच्या आईनेच तिला बदलून घेतलं हे तिला त्यात दिसणार आहे. आजवर एकच कुटुंब नाराज झालं, तेवढं चालतं मला.

फाइल्स लगेच उडवू नका. जूनच्या शेवटी घरोघरी ग्रॅज्युएशनच्या पार्ट्या असतात आणि अंगणातल्या तंबूत बालवाडीपासूनच्या फोटोंचा बोर्ड लावतात, तेव्हा फोन येतात की तो आजीबरोबरचा होता ना, तो मोठ्या साइजमध्ये मिळेल का.