लाइट गेली, मेलामाइन अर्धवट राहिलं

यवतमाळकडच्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कार्बन नायट्राइड करायला घेतलं, म्हणजे उन्हात पाण्यातला रंग मोडणारी पिवळी पूड. युरियापासूनही होतं, पण कृषी केंद्रातल्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं. म्हणून लॅबचं मेलामाइन. झाकणाच्या क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या वाटीत), मफल फर्नेसला, म्हणजे लॅबच्या विजेच्या भट्टीत, 550 अंश, चार तास. अमोनिया निघतो, एक्झॉस्ट आधी बघा.

भट्टी चारशेच्या आसपास असताना लाइट गेली, अन् पिवळ्याऐवजी पांढुरकी पूड हाती आली. सहकारी म्हणाले, फेका. पण 390 अंशांच्या सुमारास मेलामाइनचं मेलेम होतं, 520च्या आसपास त्याचं पॉलिमर, म्हणजेच कार्बन नायट्राइड. म्हणजे माल फक्त अर्ध्या वाटेवर होता. खलात बारीक करून, झाकण लावून पुन्हा 550ला. मस्त पिवळी निघाली.

चाचणीला घेतलेल्या मेथिलीन ब्लूचा निळा रंग मात्र उन्हात सावकाशच उतरत होता, कारण पुडीचे थर एकमेकांना घट्ट धरून बसलेले. तीच पूड उघड्या चायना डिशमध्ये पातळ पसरून 500 अंशांवर दोन तास ठेवली. वजन बरंच घटतं, जीवावर येतं. पण पूड पिंजलेल्या कापसासारखी हलकी होते, पृष्ठभाग वाढतो. मग निळा रंग भराभर गेला.

रंगाच्या पाण्यात पूड घालून उन्हात ठेवण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळा, नाहीतर नुसतं शोषण, म्हणजे पुडीला चिकटलेला रंगच मोजाल. पूड न घातलेलं एक बीकरही शेजारी ठेवाच; वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन एकटंही रंग उडवतं.